क्लॅरोनेटचं तेलपाणी

"जगाच्या पाठीवर तेल एकच, आन् ते करडीचं. बाकी सगळा नुसता ओलावा!"

नागप्पांनी हे विधान लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या आपल्या 'संगमेश्वर लाकडी घाणा' या दुकानात, गादीवर बसून, उजवा हात आढ्याकडे उचलून केलं. समोर रिकामी बरणी घेऊन उभे असलेले निवृत्त विज्ञानशिक्षक शेषेराव मास्तर यांनी मान डोलावली. विधानाला वजन होतं, चाळीस वर्षांच्या धंद्याचं. फक्त झालं काय, की उजवा हात वर असताना नागप्पांचा डावा पाय पाटावर पसरलेला होता आणि त्यांची बायको मल्लम्मा त्या पायाच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळत होती.

"मग हे कोणतं?" मास्तरांनी विचारलं.

"हे औषध हाय," नागप्पा म्हणाले. "औषधाला तेल म्हणत नसतेत."

"आणि घरातून भज्यांचा वास येतोय तो?"

"शेंगदाण्याच्या औषधात तळलेत," मल्लम्मा मान वर न करता म्हणाली.

नागप्पांनी हात खाली घेतला. पण मत खाली घेतलं नाही. नागप्पांचं मत खाली यायला त्या हिवाळ्यात एक आख्खं क्लॅरोनेट वाया जावं लागलं. म्हणजे जवळजवळ वाया.

झालं असं, की नागप्पांची नात मंजुश्री नांदेडला बँकेत नोकरीला होती आणि तिथल्याच एका चांगल्या घरात तिचं लग्न ठरलं होतं. नवऱ्या मुलाचे आजोबा महादेवप्पा हौशी माणूस. वरातीला भिंतीएवढा डीजे लावायचा, त्याशिवाय लग्न झालंय हे शेजारच्या तालुक्याला कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. मंजुश्रीनं आजोबांना फोन केला.

"अज्जा, मला डीजे नको. पाशानानांचं क्लॅरोनेट पाहिजे. तुमच्या खांद्यावर बसून ऐकलेलं आठवतंय मला."

"अज्जाचा शब्द हाय," नागप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. पाशामियाँना विचारायचं राहिलं होतं. शब्द आधी द्यायचा आणि तो ज्याच्या जिवावर दिला त्याला मागाहून कळवायचं, ही नागप्पांची जुनी पद्धत होती.

पाशामियाँ मागच्याच गल्लीत राहत. दोघांची मैत्री पन्नास वर्षांची. 'गुलशन ब्रास बँड' जोरात होता तेव्हा लातूरपासून मुदखेडपर्यंत पाशामियाँचं क्लॅरोनेट वाजल्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे. मग डीजे आले. बँडचे लाल कोट वाटले गेले, ढोल विकला गेला, आणि क्लॅरोनेट मखमलीत गुंडाळून पेटीत गेलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. क्लॅरोनेट साधं नव्हतं. आबनुसाच्या काळ्याभोर लाकडाचं होतं आणि पाशामियाँच्या अब्बांना हैदराबादेत निजामाच्या पलटणीतल्या एका म्हाताऱ्या बाजेवाल्यानं ते स्वतःच्या हातानं दिलेलं होतं.

पाशामियाँनी पेटी उघडली, तुकडे जोडले आणि फुंक मारली. सर्दी झालेल्या शेळीनं कुणाला तरी हाक मारावी तसा आवाज आला.

"लाकूड तहानलंय, अप्पा," पाशामियाँ बोटानं वरच्या अंगाला आलेली केसाएवढी चीर चाचपत म्हणाले. "अकरा वर्षं तेल न्हाई ह्याच्या पोटात. असंच वाजवलं तर फाकंल."

"मग पाज की तेल!"

"कोणतं?" पाशामियाँनी पेटीच्या कप्प्यातून करंगळीएवढी रिकामी बाटली काढली. चिठ्ठी कधीच झिजून गेली होती. "अब्बा ह्यातलं घालायचे. कोणतं म्हणून कधी विचारलं न्हाई. विचारावं असं वाटायच्या आतच गेले."

नागप्पांनी बाटली घेतली, बूच काढलं, डोळे मिटले आणि हुंगली. चाळीस वर्षं तेलात मुरलेलं नाक होतं ते. त्यांनी डोळे उघडले.

"करडी."

खरं म्हणजे बाटलीला कसलाच वास नव्हता. वास येत होता तो नागप्पांच्या मिशांचा.

"थांब जरा," पाशामियाँ म्हणाले. "घाई करू नको. नांदेडात एक जुना बाजे दुरुस्त करणारा हाय, त्याला विचारू." तेवढ्यात रेणापूरहून लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि पाशामियाँ आठ दिवसांसाठी तिकडं गेले.

आठ दिवस! नागप्पांना तेलाच्या बाबतीत आठ दिवस थांबणं म्हणजे अपमान वाटला. घाणा आपला, तेल आपलं, मित्र आपला, नात आपली. नांदेडच्या माणसाला काय विचारायचं? तिसऱ्या दिवशी ते पाशामियाँच्या दारात उभे राहिले. पाशामियाँची बायको जन्नतबी दारात आली.

"उनको आने दो ना, भाई," ती म्हणाली. "उनके बाजे को मैं बी हात नै लगाती."

"वहिनी, ते येईपर्यंत बाजा तयार. बघताच खूश होतील."

जन्नतबीनं पेटी दिली, पण तोंड वाकडं करून दिली. पुढं आयुष्यभर उपयोगी पडेल म्हणून ते वाकडं तोंड तिनं नीट लक्षात ठेवलं.

न्हाऊ घालायच्या आधी बाळाला चोळतात तसं नागप्पांनी क्लॅरोनेटला चोळलं. बाहेरून लावलं, आतून लावलं. भोकं झाकणाऱ्या चांदीच्या रंगाच्या चाव्या होत्या, त्यांनाही वंचित ठेवलं नाही. वाटीत थोडं उरलं ते वरच्या तोंडातून आत सोडलं. मग उन्हाशिवाय तेल मुरत नाही या न्यायानं क्लॅरोनेट गच्चीवर, लिंबाच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी, पाच दिवस ठेवलं.

पाशामियाँ परत आले तेव्हा नागप्पा पेटी घेऊन त्यांच्या घरी हजरच होते. पाशामियाँनी पेटी उघडली. मखमल क्लॅरोनेटला चिकटून वर आली. ती त्यांनी सोलून काढली. एक चावी दाबली. चावी खाली गेली आणि खालीच राहिली. दुसरी दाबली. ती खालीसुद्धा गेली नाही. काळ्या लाकडावर पिवळसर कातडं धरलं होतं.

"हे काय हाय?"

"करडी," नागप्पा म्हणाले. आवाजात जरा कमी जोर होता.

"किती घातलंस?"

"प्रेमानं घातलंय. मोजलं न्हाई."

"बाजा हाय का चिक्की?"

यानंतर पाशामियाँ ओरडले असते तर नागप्पांना फार बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पेटी बंद केली, ट्रंकेचं कुलूप काढून पेटीला लावलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

"नागप्पा," ते म्हणाले, "आजपासून ह्याला तुझा हात लागायचा न्हाई."

पन्नास वर्षं ते 'अप्पा' म्हणत आले होते. आज पूर्ण नाव घेतलं. नागप्पा चपला घालून घरी आले. घरी पोचल्यावर मल्लम्मानं दाखवलं की एक चप्पल पाशामियाँची होती.

लग्नाला सव्वीस दिवस राहिले होते. त्याच संध्याकाळी महादेवप्पांचा फोन आला.

"पाव्हणं, तुमचे बाजेवाले येऊन राहिले ना? न्हाई म्हणजे मी डीजेवाल्याला थोपवून धरलाय. तो तारखा देऊन राहिला दुसरीकडं."

"येणार," नागप्पा म्हणाले.

"काय काय वाजवतेत?"

"सगळं," नागप्पा म्हणाले आणि फोन ठेवून भिंतीकडं बघत बसले. मंजुश्रीला दिलेला शब्द आता एका चिकटलेल्या चावीखाली अडकला होता आणि ती चावी त्यांनीच चिकटवली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात ते गादीवर नुसतेच बसले होते. समोर करडीच्या पिंपाची तोटी होती. तोटीखाली वर्षानुवर्षं थेंब ओघळून पिवळ्या डिंकासारखं टणक पूट धरलेलं होतं. दर दिवाळीला ते सुरीनं खरवडायचे. चाळीस दिवाळ्या खरवडलं होतं. आज ते पहिल्यांदा बघितलं.

मग त्यांना बाप आठवला. बाप मोठ्या कढईत करडीचं तेल आटवून आटवून त्याचं रोगण करायचा आणि ते विहिरीच्या चामडी मोटेला फासायचा, पाणी गळू नये म्हणून. लहान नागप्पा एकदा त्या ओल्या मोटेवर बसला होता, तेव्हा चड्डी तिथंच सोडून त्याला घरी न्यावं लागलं होतं. म्हणजे करडी सुकते, सुकून कातडं धरते, हे नागप्पांच्या घराण्याला तीन पिढ्यांपासून ठाऊक होतं. नागप्पांना तर अंगावरून ठाऊक होतं.

"मास्तर," संध्याकाळी त्यांनी शेषेरावांना विचारलं, "न सुकणारं तेल कोणतं?"

मास्तर खुर्चीत सरसावून बसले. निवृत्तीनंतर त्यांना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. "प्रयोग करावा लागेल," ते म्हणाले.

न्हाणीघराच्या कामातून उरलेल्या सात पांढऱ्या फरशा गच्चीवर मांडल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात निळं कमळ होतं. मास्तरांनी कमळाखाली खडूनं नावं लिहिली: करडी, जवस, तीळ, शेंगदाणा, खोबरं, एरंडी, बदाम. प्रत्येक फरशीवर बोटभर तेल पसरलं. बदामाचं मल्लम्माच्या मैत्रिणीनं हैदराबादच्या हकिमाकडून आणलेलं औंसभर होतं. त्यातलं चमचाभर मिळवायला मल्लम्माला तिच्याकडं दोन वेळा चहाला जावं लागलं.

"माझ्या पापडाच्या जागेवर काय मांडलंत हे?" ती म्हणाली.

"परीक्षा हाय," नागप्पा म्हणाले.

"कुणाची?"

नागप्पा करडीची फरशी सरळ करत राहिले.

मास्तर रोज सकाळी यायचे आणि प्रत्येक फरशीला बोट लावून वहीत लिहायचे. जवसानं चौथ्या दिवशीच साय धरली. करडी सहाव्या दिवशी चिकट झाली, सातव्या दिवशी तिला एक डास चिकटला आणि तो तिथंच राहिला. तीळ निम्मा सुकला. शेंगदाण्याकडं मुंग्यांची रांग लागली. खोबऱ्याचं तेल पौषाच्या थंडीत तुपासारखं गोठायचं आणि दुपारी परत पाणी व्हायचं. असल्या चंचल माणसाचा भरवसा नको, असं मास्तरांनी लिहिलं. एरंडी सुकली नाही, पण इतकी दाट, की मोठ्या साहेबाच्या टेबलावरच्या अर्जासारखी जागची हलली नाही. दहाव्या दिवशी बदामाच्या फरशीवर बोट फिरवलं, तर ते पहिल्या दिवसासारखंच पातळ, स्वच्छ, मुकाट्यानं पडलेलं होतं.

मास्तरांनी निकाल वाचला. "बदाम, पहिला. करडी, नापास."

"थोडे गुण वाढवा की, मास्तर. खायला किती चांगलं हाय."

"विषय खाण्याचा नव्हता."

नागप्पा फरशीवरच्या त्या डासाकडं बराच वेळ बघत राहिले.

आता बदामाचं तेल पाहिजे होतं. बाजारात बाटल्या होत्या, पण बाटलीवर बदामाचं चित्र मोठं आणि आत बदाम कमी, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. मल्लम्मा म्हणाली, "घाणा आपला हाय की. घाला बदाम घाण्यात."

नागप्पा घाण्यापाशी गेले. लाकडावर हात फिरवला. मग परत आले.

"न्हाई जमायचं. चाळीस वर्षांची करडी पिऊन बसलाय तो. त्यातून अमृत काढलं तरी त्यात करडी उतरंल."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या घाण्याला एका कामासाठी नालायक ठरवलं होतं. त्यांनी खलबत्ता घेतला, राखेनं तीन वेळा घासला आणि लग्नाच्या लाडवांसाठी आणलेले बदाम त्यात टाकले.

"लाडवात मग मी काय घालू?" मल्लम्मा म्हणाली.

"शेंगदाणे घाल. ते बी औषधच हाय."

दोन दिवस नागप्पा कुटत होते. कुटलेला लगदा परातीत घेऊन, निखाऱ्यावर परात जरा शेकून, कोमट पाण्याचा हात लावत मळायचा, मळायचा, आणि मग हळूच त्याच्या अंगातून तेल सुटतं. घाण्याला विजेची मोटर लागल्यापासून त्यांच्या हातांना हे काम नव्हतं. मनगट सुजलं. अर्धी वाटी तेल निघालं. ते त्यांनी मलमलीतून दोनदा गाळलं आणि पाण्याचा अंश खाली बसावा म्हणून दोन दिवस हलवलं नाही. कुणाला त्या फळीजवळून जोरात चालूही दिलं नाही.

लग्नाला अकरा दिवस राहिले असताना ते बाटली घेऊन पाशामियाँच्या दारात गेले. जन्नतबीनं दार उघडलं आणि ते राखून ठेवलेलं वाकडं तोंड वापरलं.

आत पाशामियाँ सतरंजीवर बसले होते. क्लॅरोनेटच्या सगळ्या चाव्या काढलेल्या होत्या आणि सुईएवढे स्क्रू चहाच्या बशांत क्रमानं मांडलेले होते. टर्पेंटाईनमध्ये बुडवून पिळलेल्या चिंधीनं ते लाकडावरचं एकेक पिवळा पापुद्रा काढत होते. पंधरा दिवस तेच चाललं होतं. चाव्यांखालच्या मऊ गाद्या जन्नतबीनं नव्या कापून चिकटवल्या होत्या.

नागप्पा उंबऱ्यापाशीच बसले. बाटली पुढं सरकवली.

"बदामाचं हाय. हातानं काढलंय, घाण्यात न्हाई घातलं. दहा दिवस फरशीवर ठेवून बघितलंय, सुकत न्हाई."

पाशामियाँनी मान वर केली नाही. "आन् करडी?"

बाहेर रस्त्यावर दुकानाची गिऱ्हाइकं येत-जात होती. त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं.

"करडी खायला," ते म्हणाले. "बाजाला न्हाई."

पाशामियाँनी आता मान वर केली. नागप्पांचं सुजलेलं मनगट बघितलं. मग बाटली उघडली, थेंब बोटावर घेऊन चोळला, हुंगला. बराच वेळ हुंगला.

"अब्बांच्या रुमालाला असा वास असायचा," ते हळूच म्हणाले. आणि लगेच, "तिथंच बस. पुढं येऊ नको."

त्यांनी कोंबडीचं एक स्वच्छ पीस घेतलं, त्याच्या टोकाला तीन थेंब लावले आणि लाकडाच्या पोटातून ते अलगद फिरवलं.

"बस एवढंच?" नागप्पा म्हणाले.

"एवढंच."

"अरे अकरा वर्षं तहानलंय ते! अजून घाल की! बाटलीभर हाय!"

"गप बस."

"निदान बाहेरून तरी—"

"नागप्पाभाई," जन्नतबी आतून म्हणाली, "चाय पिओ."

तोंडात काही तरी असावं म्हणून नागप्पांनी चहा घेतला. रोज सकाळी तीन थेंब, दिवसभर मुरू द्यायचं, संध्याकाळी जास्तीचं पुसून घ्यायचं. नागप्पा रोज येऊन उंबऱ्यापाशी बसत आणि तीन थेंब बघून त्यांचा जीव तुटे. तेलाच्या बाबतीत इतका कंजूषपणा त्यांनी कधी पाहिला नव्हता. सहाव्या दिवशी लाकूड आतून ओल्या जांभळासारखं चमकायला लागलं. चीर गेली नाही, पण वाढलीही नाही. सातव्या दिवशी चाव्या बसल्या. पाशामियाँनी फुंकायच्या टोकाची पातळ वेताची पत्ती ओठात ओली केली आणि फुंक मारली.

शेळी गेली होती. जो आवाज आला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि समोरच्या घरातली एक म्हातारी पोळी तव्यावर तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिली. "पाशाभाई आले का परत?" तिनं विचारलं. पाशाभाई कुठं गेलेच नव्हते, हे तिला कुणी सांगितलं नाही.

नांदेडला जाताना पेटी सबंध रस्ता पाशामियाँच्या मांडीवर होती. चाकूरला चहासाठी गाडी थांबली तेव्हा नागप्पा म्हणाले, "दे, मी धरतो." पाशामियाँ पेटीसकट उतरले, पेटीसकट चहा प्याले आणि पेटीसकट परत बसले.

मंगल कार्यालयासमोर डीजेची गाडी उभी होतीच. "राहू द्या कडेला," महादेवप्पा म्हणाले. "तुमच्या काडीतून आवाज न्हाई निघाला तर सोय असावी म्हणून बोलावून ठेवलाय."

सकाळचे दहा वाजले होते. मुदखेडहून पाशामियाँचे दोन जुने साथी आले होते, एक ढोलवाला, एक ट्रम्पेटवाला. तिघांच्या वयाची बेरीज दोनशेच्या पुढं. अकरा वर्षांपूर्वीचे लाल कोट पोटावर मिटत नव्हते. नवरदेव घोड्यावर बसला. पाशामियाँनी क्लॅरोनेट ओठाला लावलं. नागप्पांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात तीन थेंब मोजले.

पहिला सूर लांब होता. थंड हवेतून तो सरळ वर गेला आणि वळणावर येऊन थोडा लाजला. जुन्या सिनेमातलं कसलंसं गाणं होतं, पण पाशामियाँ ते असं वाजवत होते, की नवरीचा निरोप आणि नवरीचं स्वागत दोन्ही एकाच फुंकेत येत होतं. नाचायला आलेली पोरं आधी बुचकळ्यात पडली, मग ढोलानं त्यांना वाट दाखवली. डीजेवाला गाडीतून उतरला आणि मोबाईल वर धरून चित्रण करायला लागला. कार्यालयाच्या गॅलरीत मंजुश्री शालूत, मुंडावळ्यांत येऊन उभी राहिली आणि मुंडावळ्या बाजूला करून दोन्ही हातांनी अज्जाला खूण केली. नागप्पांना पुढचं नीट दिसलं नाही. थंडीनं डोळ्यांत पाणी येतंच.

वरात चौकाला वळसा घालून परत कार्यालयाच्या दारात पोचली तेव्हा महादेवप्पा स्वतः ढोलाशेजारी नाचत होते. ते धापा टाकत नागप्पांजवळ आले. "पाव्हणं! काय आवाज म्हणायचा हा! काय जादू केली तुम्ही?"

नागप्पांनी घसा साफ केला. पन्नासेक माणसं भोवती होती. मल्लम्मा होती, शेषेराव मास्तर होते. चाळीस वर्षांच्या धंद्यात नागप्पांना असा मांडव मिळाला नव्हता. त्यांचा उजवा हात आपोआप वर जायला लागला.

"जगाच्या पाठीवर तेल एकच—"

"अप्पा," मागून आवाज आला.

पाशामियाँ होते. घामानं लाल कोट काळा झाला होता. महिन्याभरात पहिल्यांदा ते 'अप्पा' म्हणाले होते. ते नागप्पांजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत बघितलं. नागप्पांचा हात हवेतच राहिला. पाशामियाँनी क्लॅरोनेट दोन्ही हातांनी उचललं आणि अलगद नागप्पांच्या हातात दिलं.

"जरा धर," ते कानाशी वाकून म्हणाले. "लघवीला जाऊन येतो. आन् हे बघ, नुसतं धर."